शशीच्या फोटोपुढची उदबत्ती

"चपला तेवढ्या बाहेर काढा, वहिनी," माझ्या नवऱ्याचे बँकेतले मित्र लाटकर भाऊजी म्हणाले. "कॉम्प्युटरला धूळ चालत नाही."

मी चपला काढल्या. काचेच्या दाराबाहेर लोखंडी रॅक होतं, त्यात सगळ्यांच्या चपला-बूट नीट लावून ठेवलेले होते. मॅनेजर किणीकरसाहेबांचे बूटसुद्धा तिथेच. आत एसीची घरघर, चार कॉम्प्युटर, कागदाचे खोके आणि पांढरीशुभ्र फरशी. खिडक्या पट्ट्या चिकटवून कायमच्या बंद केलेल्या. विट्यातली आमची नागरी बँक तेव्हा नुकतीच कॉम्प्युटरवर आली होती आणि त्या खोलीचं सोवळं आमच्या देवघरापेक्षा कडक होतं.

"ही शशीची खुर्ची," भाऊजी म्हणाले आणि तोंड फिरवून प्रिंटरचा कागद सारखा करायला लागले. कागद सारखाच होता.

मी बसले. खुर्ची जरा उंच होती, पाय टेकत नव्हते. ती खाली करता येते हे मला दोनेक आठवड्यांनी कळलं. तोपर्यंत तशीच अधांतरी बसत होते, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला काही वाटतही नव्हतं.

तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं. शशीची मोटारसायकल तासगावच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीवर आदळली, त्याला दोन महिने झाले होते. मी रडले नव्हते. बायकांनी गळ्यात पडून, पाठीवर थापट्या मारून, "रड गं बाई, मोकळी हो" म्हणून बघितलं. काही उपयोग झाला नाही. जेवायला दिलं की जेवायचे, झोप म्हटलं की आडवी व्हायचे. मग बँकेतून बोलावणं आलं आणि बँकेत जा म्हटल्यावर बँकेत गेले.

ऑर्डर तात्पुरती होती. शशीच्या जागी मला घेतलं होतं, पण कायम करायचं की नाही हे संचालक मंडळ पुढे ठरवणार होतं. माझ्या सासूबाईंच्या मनात वेगळंच होतं. धाकटा दीर विलास बी. कॉम. होऊन घरी बसला होता. "बाईमाणसानं बँकेत बसून काय करायचं? जागा घरातली हाय, घरातल्या पोराला मिळू दे," असं त्या भाकरी थापता थापता म्हणायच्या. मला उद्देशून म्हणत नसत, तव्याला म्हणत. मला मूल नव्हतं. नोकरी गेली असती तर मला भावाकडे कायमचं धाडायला कुणाला फार विचार करावा लागला नसता. भावाच्या दोन खोल्यांत भावजय, तिची आई आणि तीन पोरं होती. मी सुन्न होते, पण एवढं गणित मला येत होतं. बाकी जग राहो नाहीतर जावो, ही खुर्ची सोडायची नाही, एवढंच मनात धरलं होतं.

काम सोपं होतं. काउंटरवरून आलेल्या पावत्या दिवसभर कॉम्प्युटरवर चढवायच्या, संध्याकाळी जमा-खर्च जुळतो का बघायचा. जुळायचा. मी टायपिंगची परीक्षा दिलेली, आणि डोक्यात दुसरा काही विचारच नसल्यामुळे चूक व्हायला जागा नव्हती. एसीनं पाय मात्र बर्फ व्हायचे. मग घरात पडलेले शशीचे काळे नायलॉनचे मोजे घालायला लागले. सुती साडीखाली पुरुषी काळे मोजे. कुणी हसलं नाही. हसलं असतं तरी मला कळलं नसतं.

पहिला आठवडा संपायच्या आत भाऊजींनी शशीचा फोटो आणला. मोठा करून, फ्रेम करून. लग्नातलाच फोटो होता, त्यातली मी कापली होती. समोरच्या भिंतीवर खिळा ठोकला, फोटो लावला, चंदनाचा हार घातला. खाली स्टुलावर उदबत्तीचं घर ठेवलं. शिपाई भानुदासमामांनी काडी ओढली आणि मोगऱ्याचा धूर एसीच्या वाऱ्यात खोलीभर फिरला.

"कॉम्प्युटरला धूर चालतो?" मी विचारलं.

"शशीसाठी चालवून घेऊ," भाऊजी म्हणाले. त्यांनी फोटोवरचा हार सारखा केला. "त्याच्याशिवाय ही खोली कशी?"

किणीकरसाहेब दारात उभे होते. अनवाणी. त्यांनी हात जोडले. "रोज लावत जा, मामा," ते म्हणाले. "विसरू नका."

मामा विसरले नाहीत. सकाळी दहाला लावायचे. डबे खाऊन झाले की परत. तीन वाजता चहाबरोबर आणखी एक. पुढे उन्हाळा सुरू झाला तशा दोन-दोन एकदम लावायला लागले. मी पावत्या चढवता चढवता मान वर करून बघायचे. वाटायचं, सख्ख्या आईनं घरातल्या फोटोला दिवाळीनंतर हात लावला नाही, आणि ही परकी माणसं दिवसातून तीनदा आठवण काढतात. डोळ्यांत पाणी येत नव्हतं, पण त्या धुराचा मला आधार होता. माणसाला कशाचा आधार वाटेल याचा काही नेम नाही.

आणखी काही गोष्टी घडत होत्या. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या हळूहळू सरकत सरकत भिंतीला लागल्या. डबा खायला सगळे बाहेर काउंटरच्या मागे जायला लागले. "आत गार लागतं," म्हणायचे. मला एकटीला बरंच वाटायचं. नवऱ्यामागे आलेल्या बाईशी काय बोलावं हे त्यांना सुचत नसेल, असं मी धरून चालले. त्यात त्यांची चूक नव्हती. मलाही सुचत नव्हतं.

मग किणीकरसाहेबांनी एकदा केबिनमध्ये बोलावलं. साहेब कोकणातले, बोलायला गोड.

"वहिनी, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे, साहेब."

"नाही, एसीत दिवसभर बसायचं म्हणजे... तुम्हाला सवय नाही. घरी सासूबाईंनाही मदत लागत असेल."

"नाही, साहेब. मला जमतंय."

"जमतंय हो, जमतंय. कामाबद्दल प्रश्नच नाही." त्यांनी पेपरवेट इकडचा तिकडे केला. "तुमचे दीर पदवीधर आहेत म्हणे?"

मी हो म्हटलं. ते "बरं, बरं" म्हणाले. मी बाहेर आले. सासूबाईंनी कुणाकरवी तरी निरोप घातला असणार, हे उघड होतं. मी त्या दिवसापासून कामाला आणखी जुंपून घेतलं. साडेनवाला यायचे, सगळ्यांच्या शेवटी उठायचे. चूक सापडू द्यायची नाही म्हणजे काढायला कारण मिळणार नाही, एवढी माझी अक्कल.

वर्षश्राद्ध आलं. संचालकांची बैठक दुसऱ्याच दिवशी होती आणि माझा विषय त्यात होता. मी रजा टाकली. सकाळपासून घरात माणसं. भटजी, पिंड, पानं. विलास सोवळं नेसून बसला होता. दुपारी पंगत उठल्यावर मामेसासऱ्यांनी त्याच्या पाठीवर हात मारून म्हटलं, "आता उद्यापासनं सायेब व्हनार म्हना की!" सगळे हसले. मग मी दारात उभी आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि सगळे पान खायला लागले.

घरात फुलांचे हार उरले होते. एक ताजा बघून केळीच्या पानात गुंडाळला आणि बँकेत निघाले. बँक दोन गल्ल्या पलीकडे. वाटलं, आज तिथे तरी त्याला खरा हार घालावा. एवढ्या माणसांत त्याची आठवण तिथेच होती.

चपला रॅकमध्ये ठेवल्या. काचेच्या दारातून आतली हसाहशी ऐकू येत होती. सगळी खोलीतच डबे उघडून बसली होती. खुर्च्या मधोमध घेतलेल्या, माझीही. मी दार ढकललं.

भिंतीवर खिळा होता. खिळ्याला लाटकर भाऊजींची डब्याची पिशवी लटकत होती. फोटो खाली, कागदाच्या खोक्यांना टेकून, भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. उदबत्तीच्या घरात कुणीतरी पेन ठेवलं होतं.

"वैनी?" भानुदासमामा उठले. "आज रजा न्हवं तुमची?"

बाकीच्यांनी डबे झाकले आणि एकेक करून बाहेर पडले. बसणं अवघडच होतं म्हणा. लाटकर भाऊजींना जाता आलं नाही, त्यांची पिशवी खिळ्याला होती. ते घाईघाईनं फोटो उचलायला वाकले.

"पुसायला काढला होता," ते म्हणाले. "आजचा दिवस, म्हटलं स्वच्छ पुसून..."

"आणि उदबत्ती?"

"पुडा संपलाय. मामांना आणायला सांगणारच होतो."

"हाय की पुडा," मामा म्हणाले आणि टेबलाचा खण ओढून दाखवला. तीन पुडे होते. "तुमीच म्हनला न्हवं, वैनी न्हाईत तर आज लावू नगा. वैनी रजेवर असल्या की आपन कुटं लावतो?"

मामांना वाटलं, आपण बिचाऱ्या भाऊजींची बाजू सावरली.

"म्हणजे मी असते तेव्हाच शशी आठवतो का, भाऊजी?" मी विचारलं.

भाऊजींचे डोळे खाली गेले, माझ्या पायांकडे. तसे माझेही गेले. दारापासून मी उभी होते तिथपर्यंत पांढऱ्या फरशीवर माझी ओली पावलं उमटली होती, पाचही बोटांसकट. भाऊजींनी पटकन मान वर केली. उशीर झाला होता. माझ्या पायांकडे असं बघणारा माणूस मी ओळखत होते.

माझ्या तळपायांना लहानपणापासून घाम येतो. थंडीत येतो, उन्हाळ्यात तर चप्पल पायातून सटकते. वास किती येतो हे माझं मला कळत नाही. लग्न झाल्यावर आठवडाही गेला नव्हता, शशी पलंगावर उठून बसला आणि म्हणाला, "हेमे, खोलीत काहीतरी मेलंय." खाली वाकून शोधायला लागला. माझ्या पायांशी आला आणि थांबला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. हा पठ्ठ्या हसत सुटला. दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडून तुरटीचा खडा घेऊन आला. चहाची पावडर उकळून, गाळून, घमेल्यात ओतली आणि म्हणाला, "बुडव पाय. मी घड्याळ लावतो." बोटांच्या बेचक्यांत टॉवेल घालून कसं कोरडं करायचं ते दाखवलं. चपलांचे दोन जोड घेऊन दिले, एक घालायचा, एक उन्हात ठेवायचा. आणि मी कंटाळा केला की भर जेवणात म्हणायचा, "हेमे, पाय." एवढंच. सासूबाईंना वाटायचं, नवऱ्याला बायकोची पावलं फार आवडतात.

तो गेल्यावर मी पाय कसेबसे धूत होते. तुरटी, चहाचं पाणी, काही आठवणीत राहिलं नव्हतं. त्यावर ते नायलॉनचे मोजे. दिवसभर बंद खोलीत.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वहिनी, तसं काही..."

"भाऊजी, कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून." ते फोटोची काच रुमालानं पुसत होते. "नुसती उदबत्ती कशी लावायची? तुम्हाला समजलं असतं. म्हणून मग मी फोटो आणला."

"सगळ्यांनी मिळून ठरवलंत?"

"कुणी सांगायचं, यावर दोन दिवस बोलणं चाललं होतं. पण तुम्ही शशीची बायको. आमच्या वहिनी. त्यात हे असं झालेलं. कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. मग साहेब म्हणाले, दिरालाच घेऊ. वहिनींनाही घरी आराम. बोलायलाच नको."

मी ऐकलं. वर्षभर ज्या धुराला मी माया समजत होते तो माझ्या पायांसाठी होता, आणि आता माझी नोकरी जाणार होती. सासूबाईंनी निरोप घातला म्हणून नव्हे, चूक झाली म्हणून नव्हे. ही सगळी भली माणसं होती आणि भलेपणानं माझा गळा कापत होती. मला राग आला. राग आल्याचं कळायलाही जरा वेळ लागला, इतके दिवस काही आलं नव्हतं.

किणीकरसाहेब केबिनमध्ये होते. मी न विचारता आत गेले आणि न सांगता बसले.

"अहो वहिनी, आज तुम्ही..."

"साहेब, माझ्या कामात चूक आहे?"

"छे, छे! काय बोलता! इतकं स्वच्छ काम..."

"मी उशिरा येते? कुणाशी भांडते?"

"नाही हो."

"मग उद्या संचालकांना काय सांगणार आहात?"

त्यांनी पेपरवेट उचललं. "वहिनी, तुमच्या भल्याचाच विचार केलाय आम्ही. घरच्यांचीही तीच इच्छा आहे. तुमच्यावर आधीच एवढं..."

"माझ्या पायाला वास येतो. म्हणून ना?"

साहेबांचा चेहरा असा झाला, जणू मीच त्यांना भलतंसलतं विचारलं होतं. ते दाराकडे बघायला लागले. दार उघडं होतं आणि काउंटरवरचे आवाज थांबले होते.

"असं कसं बोलता, वहिनी," ते हळूच म्हणाले.

"मग कसं बोलायचं? वर्षभर कुणी बोललं नाही, म्हणून तर मी आज इथे बसलेय. संचालकांना सांगा की उद्या. हेमलता सगरेच्या पायाला वास येतो, सबब तिला काढावी. तुम्ही हे सांगणार असाल तर मी राजीनामा आत्ता देते."

"हे मी कसं सांगेन?"

"सांगता येत नसेल तर दुसरंही काही सांगू नका. काम चांगलं आहे, कायम करा, एवढंच सांगा. ते खरं आहे. पायाचं मी बघते."

त्यांनी पेपरवेट खाली ठेवलं. मी उठले.

"आणि साहेब, मला सगरेबाई म्हणा. काउंटरवरच्या गुरवबाईंना तुम्ही परवा सगळ्यांदेखत झापलंत. वहिनीला झापता येत नाही, म्हणून मला घरी पाठवायची पाळी आली."

बाहेर सगळे पावत्यांत डोकं घालून बसले होते. आत जाऊन मी फोटो काखोटीला मारला.

"राहू दे की, वहिनी," भाऊजी म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते खरोखरच भरले होते. शशी त्यांचा मित्र होता, हे काही खोटं नव्हतं.

"नको," मी म्हटलं. "त्याला इथं तुम्ही कामाला लावलाय."

जाताना कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे थांबले. दुकानात माणसं होती. डोक्यावर पदर घेतलेली सगऱ्यांची विधवा सून दारात उभी राहून तुरटी मागतेय, हे बघून वस्तरा हवेतच थांबला. त्यानं खडा कागदात बांधून दिला. घरी पाहुणे अजून जायचे होते. मी मागच्या दारी घमेलं घेऊन बसले. विलास एकदा डोकावून गेला, सासूबाई दोनदा.

दुसऱ्या दिवशी संचालकांची बैठक माझ्या विषयावर चहा गार व्हायच्या आत उरकली. किणीकरसाहेब बाहेर आले आणि काउंटरवरूनच म्हणाले, "सगरेबाई, कायम झालात. उद्या ऑर्डर घेऊन जा." एवढं बोलून केबिनमध्ये गेले. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. मी जेवले.

खोलीत आता फोटो नव्हता, उदबत्ती नव्हती. रिकामा खिळा होता. मोजे मी टाकून दिले होते. खुर्च्या लगेच सरकल्या नाहीत, पण डबे खायला सगळे आत आले. अवघडून बसले होते, तरी बसले होते. असे काही दिवस गेले. मी मेहनत घेत होते, पण उन्हाळ्याचे दिवस होते, आणि घाम काही ऑर्डर बघून थांबत नाही.

एका दुपारी, पावत्यांचा ढीग समोर असताना, लाटकर भाऊजी प्रिंटरपाशी घोटाळत होते. कागद काढत होते, घालत होते. कान लाल झाले होते. शेवटी माझ्याकडे न बघता, कॉम्प्युटरला सांगावं तसं, म्हणाले,

"सगरेबाई. पाय."

मी उठले. बँकेच्या मागे पाण्याच्या टाकीखाली नळ होता, तिथे गेले. नळ सोडला आणि पाय धारेखाली धरले. टाकी सावलीत होती, पाणी गार होतं. त्याचा गारवा टाचेला लागला, बोटांत शिरला, वर घोट्यापर्यंत आला, आणि मला कळलं की शशी मेलाय. मी मोठ्यानं रडायला लागले. गल्लीतली पोरं भिंतीवर चढून बघायला लागली, तरी थांबता येईना. वर्षभर बायकांना जे जमलं नव्हतं ते सगळं त्या नळाखाली निघालं.

भानुदासमामा मागच्या दारात आले. बराच वेळ उभे राहिले असावेत.

"बाई," ते म्हणाले, "नळ बारीक करा. टाकी रिकामी हुईल."

मी नळ बारीक केला. रडणं आवरायला आणखी वेळ लागला. मग बोटांच्या बेचक्या पदरानं कोरड्या केल्या आणि आत जाऊन राहिलेल्या पावत्या चढवल्या.